मटण आमच्या ताटात, शुगर अम्मीच्या रक्तात

आमच्या घरच्या दखनीत शिजवलेल्या भाताला 'खाना' म्हणतात. लग्नातला दालचा-खाना म्हणजे दालचा आणि भात. जेवणाचं नावच भाताला दिलेलं, त्यामुळे भात नसेल तर माणूस जेवलाच नाही असं धरतात. मराठीतही फार वेगळं नाही. कष्टकरी माणूस भाकरी कमवायलाच घराबाहेर पडतो. धान्य हेच अन्न, बाकी सगळं तोंडी लावायला.

माझं म्हणणं असं आहे की आमच्या घरात शुगर आली ती या समजुतीच्या पाठीवर बसून. ती नशिबाने आली नाही, नजर लागून आली नाही, मटणाने आली नाही आणि एकट्या मिठाईनेही आली नाही. आनुवंशिकता होती, पण तिला रोज खतपाणी मिळालं ते ताटातल्या धान्याच्या ढिगातून. आणि हा ढीग कोणाच्या ताटात किती मोठा असायचा, हे आम्ही पुरुषांनी ठरवलं. तोंडाने कधी बोललो नाही, पण ठरवलं आम्हीच.

अब्बांची मारी बिस्किटं

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, घर मिरजेचं. अब्बांना 2000 साली शुगर निघाली. दवाखान्यातून एक छापील कागद मिळाला. साखर बंद, गूळ बंद, बटाटा बंद, गोड फळं बंद, भात कमी. अब्बा शिस्तीचा माणूस. एकोणीस वर्षं त्यांनी बिनसाखरेचा चहा प्यायला. त्या चहाबरोबर चार मारी बिस्किटं, नाहीतर दोन बटर. जेवणात तीन चपात्या आणि 'भात कमी सांगितलाय' म्हणून भाताऐवजी चौथी. ईदला शीरखुर्म्याची वाटी ते हाताने बाजूला सारायचे आणि पाहुणे म्हणायचे, काय ताबा आहे मनावर!

त्यांचा तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, म्हणजे एचबीए1सी, कधी 9 च्या खाली आला नाही. आधी पायाचं बोट गेलं. मग किडनी. मग आठवड्यातून दोनदा डायलिसिस. 2019 मध्ये ते गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की आपणच कुठेतरी पथ्य मोडलं असणार. त्यांनी काहीही मोडलं नव्हतं. सांगितलं तेवढं अक्षरशः पाळलं होतं. सांगणाऱ्याने अर्धंच सांगितलं होतं.

राहिलेलं अर्धं असं. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी या सगळ्यांच्या वजनात साधारण 60 ते 80 टक्के कर्बोदकं असतात. पोटात गेल्यावर त्यांचं ग्लुकोज होतं. चहाच्या एका चमच्यात साखर असते चार-पाच ग्रॅम. एका मध्यम चपातीत कर्बोदकं असतात पंधरा ते वीस ग्रॅम. एक वाटी भातात चाळीसच्या आसपास. म्हणजे अब्बा चहातले पाच ग्रॅम वाचवत होते आणि ताटातले साठ-सत्तर ग्रॅम निवांत खात होते, कारण ते गोड लागत नव्हते. जिभेला चपाती आणि पेढा यात फरक कळतो. स्वादुपिंडाला शेवटी ग्लुकोजच मोजावं लागतं. चोथा जास्त असेल तर ते जरा सावकाश चढतं, एवढाच दिलासा.

इथे लगेच कोणीतरी म्हणतं, 'मग ज्वारीची भाकरी खा.' भाकरी चपातीपेक्षा बरी असेल, पण एका मोठ्या भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं, आणि त्यात चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम कर्बोदकं येतातच. आयसीएमआरच्या देशव्यापी इंडियाब अभ्यासाने 2023 मध्ये सांगितलं की भारतात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच अभ्यासातून 2025 मध्ये आहाराबद्दलचे निष्कर्ष आले. आपल्या रोजच्या ऊर्जेतला सुमारे 62 टक्के वाटा कर्बोदकांचा आहे. आणि पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं म्हणून धोका कमी होत नाही. एकूण कर्बोदकंच कमी करून त्यांच्या जागी डाळी आणि दुधाच्या पदार्थांतली प्रथिनं आली, तर धोका कमी दिसतो. धान्य बदलून भागत नाही, धान्य कमी करावं लागतं. अब्बांच्या कागदावर ही एक ओळ नव्हती.

दोन आरोपी, दोन्ही चुकीचे

ऑफिसमध्ये माझी शुगर कळल्यावर एका सहकाऱ्याने आपुलकीने सांगितलं, 'तुम्ही लोक नॉनव्हेज फार खाता ना, त्यामुळे होतं.' त्याच्या स्वतःच्या शाकाहारी घरात तिघांना शुगर आहे. आपल्या घरात दुसरा आरोपी ठरलेला असतो, मिठाई. 'शादियों में मीठा बहुत खाया, इसलिए.' बिर्याणीचं ताट समोर ठेवून आपण भांडतो की दोष मटणाचा की शेवटच्या जर्द्याचा, आणि मधे ढिगाने पडलेला तांदूळ साक्षीदारासारखा गप्प बसून असतो. मटणात कर्बोदकं जवळजवळ शून्य असतात. म्हणून कितीही खा असं मी म्हणत नाही. शुगरवाल्याला हृदयाचाही धोका असतो, चरबी मोजूनच खायला हवी. पण जेवणानंतर दोन तासांनी मीटरवर जो आकडा येतो, तो बिर्याणीतल्या बोकडाचा नसतो, तांदळाचा असतो.

इंजिनिअरचं मीटर

2022 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझाही नंबर लागला. उपाशीपोटी 171, एचबीए1सी 8.7. मला मेटफॉर्मिन मिळाली आणि एक छापील कागद मिळाला. बावीस वर्षांनी, दुसऱ्या शहरात, कागद जवळजवळ तोच.

मी इंजिनिअर आहे. सिस्टिम बिघडली तर अंदाज करत बसत नाही, लॉग बघतो. एक ग्लुकोमीटर घेतला आणि दोन आठवडे प्रत्येक जेवणाआधी आणि दोन तासांनंतर बोट टोचलं. वहीतले काही आकडे, दोन तासांनंतरचे:

पोहे एक प्लेट: 236. उपमा: 221. दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी: 229. दीड ज्वारीची भाकरी आणि झुणका: 207. दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि मेथीची भाजी: 131. मटण, काकडी, दही आणि अर्धी चपाती: 142.

हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील. म्हणूनच मीटर हवा. पण दिशा कोणती ते कळायला डॉक्टरेट लागत नाही.

हे काम माझ्या फार आधी दुसऱ्या एका इंजिनिअरने केलं होतं. न्यूयॉर्कचे रिचर्ड बर्नस्टीन, बाराव्या वर्षापासून टाइप 1 मधुमेह. 1969 मध्ये त्यांनी एका ग्लुकोमीटरची जाहिरात पाहिली. तो रुग्णालयांसाठी बनवलेला, दीड किलोच्या आसपास वजनाचा, साडेसहाशे डॉलरचा. तो रुग्णाला विकत मिळत नव्हता. त्यांची बायको डॉक्टर होती, तिच्या नावावर घेतला. दिवसातून अनेकदा रक्त तपासून त्यांनी शोधून काढलं की कर्बोदकं कमी खाल्ली तर इन्सुलिन कमी लागतं, आणि इन्सुलिन कमी लागलं तर चुकाही लहान होतात. रुग्णाने घरी स्वतःची शुगर मोजावी ही कल्पनाच तेव्हाच्या डॉक्टरांना पटत नव्हती. तेव्हा हा माणूस पंचेचाळिशीच्या घरात मेडिकल कॉलेजात दाखल झाला आणि डॉक्टर झाला. 2025 मध्ये नव्वदाव्या वर्षी वारला. आज घरोघरी मीटर मिळतो. आपण तो कपाटात ठेवतो.

मी दिवसाची कर्बोदकं सत्तर-ऐंशी ग्रॅमवर आणली. नाश्त्याला अंडी किंवा पनीर, दुपारी भाजी-डाळ-दही आणि एक चपाती, रात्री चिकन किंवा मासे आणि भाजी. चार महिन्यांत वजन नऊ किलो उतरलं आणि एचबीए1सी 6.2 झाला. हा चमत्कार नव्हता, हिशेब होता. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या 2019 च्या अहवालानेही मान्य केलं आहे की रक्तातली साखर सुधारण्यासाठी आहाराच्या उपायांत सर्वांत जास्त पुरावा एकूण कर्बोदकं कमी करण्याला आहे.

पण दुसरी बाजूही ऐका, कारण आपल्या व्हॉट्सअॅपवर 'शुगर मुळापासून बरी' करणाऱ्यांचा सुळसुळाट आहे. 2021 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 23 चाचण्यांचा एकत्र आढावा आला. कमी कर्बोदकं खाणाऱ्यांना सहा महिन्यांत स्पष्ट फायदा दिसला, वर्षभराने तो फरक पुष्कळ कमी झाला. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या चाचणीत कमी उष्मांकाचा आहार देऊन वजन उतरवलं, तेव्हा वर्षाने 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना ताब्यात होता. दोन वर्षांनी 36 टक्के. याचा अर्थ शुगर मागे हटवता येते, पण ती दाराबाहेर उभी असते. पथ्य सुटलं की आत येते. कलौंजीचं तेल, कारल्याचा रस आणि 'इन्सुलिन बंद करा' सांगणारे हकीम, वैद्य आणि यूट्यूबवाले हे सांगत नाहीत, कारण हे सांगितलं तर बाटली खपत नाही.

माझ्या दोन चपात्या कुठे गेल्या

इथपर्यंत गोष्ट माझ्या कौतुकाची आहे. आता पुढची.

दर पंधरा दिवसांनी मी मिरजेला जायचो. घरात माझ्या डायटची मोठी बडदास्त. अम्मी माझ्यासाठी वेगळी अंडी उकडायची, खिमा ठेवायची, मटणातल्या चांगल्या फोडी काढून ठेवायची. मी रुबाबात चपात्या आणि भात परत पाठवायचो. 'मला कार्ब नको.' भावाला, मेहुण्याला, चाचांना व्याख्यान द्यायचो.

अम्मीला 2016 पासून शुगर आहे. एका रविवारी जेवण उरकल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. अम्मी ओट्याला टेकून, उभ्यानेच जेवत होती. ताटात तीन चपात्या, पातेल्यात तळाशी राहिलेला सालन आणि एक हाड. मी विचारलं, तीन कशाला? तिने सहज सांगितलं, 'तेरे दो बचे थे ना. अल्लाह की नेमत है रे, फेंकते नैं.'

मी सोडलेल्या दोन चपात्या अम्मी खात होती. माझ्या रक्तातली साखर उतरत होती आणि तीच साखर तिच्या रक्तात चढत होती. गेले सहा महिने. मी घरातली कर्बोदकं कमी केलीच नव्हती. फक्त माझ्या ताटातून उचलून तिच्या ताटात ठेवली होती.

त्या रात्री मी आमच्या दस्तरखानाचा हिशेब मांडला. आधी अब्बा आणि पाहुणे जेवायचे. मग आम्ही मुलं. मग भाभी आणि बहिणी. सगळ्यांत शेवटी अम्मी. फोडी या क्रमाने वर काढल्या जायच्या, रस्सा या क्रमाने खाली उरायचा, आणि भूक भागवायला शेवटच्या माणसाकडे फक्त चपाती आणि भात राहायचा. बकरी ईदला घरात किलोकिलोने मटण शिजायचं. ते पहाटेपासून धुणारी, चिरणारी, शिजवणारी बाई संध्याकाळी रश्श्यात चपाती बुडवून खायची. आम्ही म्हणायचो, अम्मीला मटण फारसं आवडत नाही. तिने असं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. आम्हाला सोयीचं होतं, म्हणून आम्ही तिची आवड ठरवली होती.

आता सांगा, 'कर्बोदकं कमी, प्रथिनं जास्त' हा सल्ला या घरात कोणाला लागू होतो? ज्याच्या ताटात आधीच फोडी आहेत त्याला. ज्या बाईच्या वाट्याला प्रथिनं येतच नाहीत, तिला 'चपाती कमी कर' म्हणणं म्हणजे 'उपाशी राहा' म्हणणं आहे. आपल्या घरांत लो-कार्ब हा आधी वाटपाचा प्रश्न आहे, मग आहाराचा.

बावन्न

शहाणपण एवढ्यावर आलं असतं तर बरं झालं असतं. मी आणखी एक चूक केली, आणि ती अम्मीच्या जिवावर बेतली असती.

अपराधी वाटून मी एका झटक्यात फर्मान काढलं. अम्मीच्या चपात्या बंद, भात बंद, अंडी आणि पनीर सुरू. तिच्या गोळ्या कोणत्या आहेत ते मी विचारलंही नाही. ती मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड घेत होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, समोर अन्न असो वा नसो. मेटफॉर्मिन एकटी सहसा साखर धोक्याच्या खाली नेत नाही, ग्लिमेपिराइड नेऊ शकते. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला भाभीचा फोन आला. अम्मी घामाने थबथबली होती, हात थरथरत होते, भाभीलाच ओळखत नव्हती. मीटरवर 52. भाभीने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, 88. मी पुण्यात मीटिंगमध्ये होतो. इंजिनिअर साहेबांनी चाचणी न करता चालू सिस्टिममध्ये बदल केला होता, आणि ती सावरली दहावी शिकलेल्या भाभीने.

म्हणून हे ठळक सांगतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर कर्बोदकं कमी करण्याआधी डॉक्टरांना भेटा. डोस कमी करावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेऊन कर्बोदकं अगदी तोडली, तर रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं, आणि तेव्हा मीटरवरची साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. टाइप 1, गरोदरपण, किडनीचा आजार यांत स्वतःच्या मनाने काहीही करू नका. इन्सुलिन हा शत्रू नाही. 1922 मध्ये टोरंटोत पहिल्या मुलाला ते टोचलं गेलं, त्याआधी टाइप 1 ची मुलं उपासमारीच्या पथ्यावर हाडांचा सापळा होऊन मरत होती. तो काळ 'नॅचरल' होता.

अम्मीला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ग्लिमेपिराइड अर्धी झाली, पुढे बंद झाली. तीन चपात्यांच्या दोन झाल्या, महिन्याने दीड, मग एक. सहा महिन्यांत तिचा एचबीए1सी 9.4 वरून 7.2 वर आला. माझ्यासारखा 6.2 नाही. तिचं वय वेगळं, शरीर वेगळं. पण तिच्या पायांची आग थांबली आणि रात्री चार वेळा उठणं बंद झालं.

'एक दिन से क्या होता रे?'

आता नेहमीच्या हरकती घेऊ.

पहिली: 'एक दिन से क्या होता रे?' एका दिवसाने काही होत नाही, खरं आहे. पण आपल्याकडे एक दिवस नसतो. साखरपुडा, हळद, निकाह, वलीमा, अकीका, चाळिसावा, ईद, दुसरी ईद, आणि मग कोणाच्या तरी नव्या घराची दावत. कोणी नको म्हटलं तर यजमान स्वतः पळी घेऊन ताटात ओततो. ज्याचं बोट कापलं गेलंय त्याच्या ताटात बळेच जर्दा वाढणं ही मेहमाननवाजी नाही. दारूच्या बाबतीत 'थोडी घे' म्हणणाऱ्याला आपण वाईट संगत म्हणतो. शुगरवाल्याला 'थोडा ले' म्हणणाऱ्याला काय म्हणायचं?

आणि दावतीत उपाशी राहायची गरजही नाही. दालच्यात चण्याची डाळ असते, दुधी असतो, मटण असतं. दालचा दोन वाट्या घ्या, खाना दोन चमचे. आपल्याच ताटात उत्तर आहे, फक्त प्रमाण उलटं करायचं आहे.

दुसरी: 'नसीब की बात है, खानदान में सबको है.' खानदानात सगळ्यांना आहे, कारण खानदानात सगळ्यांचं ताट एकच आहे. रक्त एक आहे हेही खरं. रक्त बदलता येत नाही, ताट येतं. हेल्मेट घालताना आपण नशिबाचा दाखला देत नाही, चपातीच्या बाबतीतच का देतो?

तिसरी, आणि ही खरी: 'परवडत नाही.' पनीर, बदाम, ऑलिव्ह तेल असं डायट इन्स्टाग्रामवर शोभतं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनवर माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, तांदूळ आणि गहू. त्या कायद्याने भुकेपासून वाचवलं, हे मोठं काम आहे. पण गरिबाच्या ताटात धान्यच जास्त का, याचं उत्तरही त्याच पिशवीत आहे. त्यात 2015 च्या कायद्याने राज्यात बैलाचं मांस बंद झालं, आणि अनेक घरांतलं स्वस्त प्रथिन गेलं. तेव्हा हातगाडीवाल्या चाचांना 'कार्ब सोडा' सांगणारा मी कोण?

तरीही काही करता येतं. अंडं अजूनही स्वस्त आहे. शेंगदाणे, सुकट, मसूर, मठाची उसळ, ताक, घरचं दही, शेपू, पोकळा, अंबाडी, चाकवत. तीन चपात्या आणि पळीभर भाजी याऐवजी दीड चपाती, वाटीभर उसळ आणि दुप्पट पालेभाजी. हे सत्तर ग्रॅमचं कडक पथ्य नाही, उसळीतही कर्बोदकं असतातच. पण दोनशे चाळीसचा आकडा एकशे ऐंशीवर येतो, आणि पाय वाचवायला तेवढाही उपयोगी पडतो. मीटरच्या एका पट्टीला पंधरा-वीस रुपये लागतात. रोज नको, आठवड्याला दोन पट्ट्या पुरे. एक वडापाव आणि एक चहा कमी.

चौथी: 'और रोजे?' 2001 मध्ये तेरा देशांत एपिडायर नावाचा अभ्यास झाला. टाइप 2 चे सुमारे 79 टक्के रुग्ण महिन्यातले निदान पंधरा रोजे ठेवत होते. म्हणजे लोक ठेवणारच. तेव्हा रमजानच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांची वेळ आणि डोस ठरवून घ्या. रोज्यात बोट टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, हे उलेमांनीही स्पष्ट केलं आहे, तरी मोहल्ल्यात निम्म्या लोकांना हे माहीत नाही. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा. आजाऱ्याला सवलत धर्मानेच दिली आहे, ती नाकारण्यात मोठेपणा नाही. आणि संध्याकाळी इफ्तारला भजी, पाव, समोसा, रूहअफजा, मग वर बिर्याणी, याला उपवास म्हणायचं की बदला? एक खजूर, पाणी, मग अंडं किंवा चिकन, भाजी, आणि थोडंसं धान्य. सहरीला नुसता भात खाल्ला तर दहा वाजता भूक आणि चक्कर दोन्ही येतात. अंडी-दही खाऊन पाहा.

आपण काय करायचं

मला मोठ्या घोषणा नकोत. चार गोष्टी सांगतो.

एक, वाढण्याचा क्रम मोडा. घरातले सगळे एकत्र बसा. ते जमत नसेल तर शिजवणारीचं ताट आधी वाढून झाकून ठेवा, फोडींसकट. आमच्या घरी आता हे भाचा करतो. पहिले चार दिवस अम्मी चिडली, मग भाचीच्या ताटात फोडी टाकू लागली. तिला थांबवणं अजून चालू आहे.

दोन, मीटर कपाटातून बाहेर काढा. दस्तरखानाच्या शेजारी वही-पेन ठेवा. आणि आधी घरातल्या बायकांची तपासणी करा. आमच्या घरात अब्बांची शुगर सोळा वर्षं मोजली जात होती, तेव्हा अम्मीची एकदाही मोजली नव्हती. तिला शुगर निघाली तीही मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत.

तीन, मोहल्ल्यात तपासणी शिबिरं होतात, चांगलं आहे. पण ती जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर ठेवली तर रांगेत कोण येणार? शिबिर दुपारी तीनला, मुलींच्या शाळेत किंवा अंगणवाडीत ठेवा. आणि तिथे नुसता आकडा देऊन 'गोड सोडा' सांगू नका. चपातीत किती आणि अंड्यात किती, हे ताट मांडून दाखवा.

चार, लग्नाचा मेनू ठरवणारे आता आपल्या पिढीचे आहेत. दालच्याचं पातेलं मोठं करा, खान्याचं लहान. काकडी-दही ठेवा. 'नको' म्हणणाऱ्याचं 'नको' ऐका.

यातल्या एकाही गोष्टीला सरकारची परवानगी लागत नाही. रेशनवर डाळ आणि अंडी मागायची लढाई मोठी आहे, तीही लढू. पण आपल्या स्वयंपाकघरात फोड कोणाच्या ताटात जाते, हे कोणत्याही सरकारने ठरवलेलं नाही.

अब्बांच्या वेळी मला काही माहीत नव्हतं. अम्मीच्या वेळी सगळं माहीत होतं आणि तरी माझ्या चपात्या तिने खाल्ल्या. म्हणून तुम्हाला एकच काम सांगतो. आज रात्री तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं ते बघा. तिच्या ताटात काय उरलंय ते मोजा. आणि तिची शुगर शेवटची कधी तपासली, ते तिलाच विचारा.